पॉलिश केलेली काळी गाडी चार धुण्यांत पुन्हा पांढुरकी का होते?

काळी गाडी बरीच वर्षं दुर्लक्षित राहते. एक दिवस मनावर घेऊन ती पॉलिशला दिली जाते आणि परत येते तेव्हा बॉनेटमध्ये चेहरा दिसतो. पंधरा-वीस दिवस जातात, तीन-चार वेळा गाडी धुतली जाते, आणि एका सकाळी तिरप्या उन्हात पाहावं तर बॉनेटवर सूर्याभोवती कोळ्याचं जाळं, दारांवर राखाडी झाक, छतावर पाण्याचे पांढुरके गोल. मग पुन्हा पॉलिश, पुन्हा चकाकी, पुन्हा जाळं. माझ्याकडे आलेली १२ वर्षं जुनी काळी सेडान या फेऱ्यातून दोनदा गेली. तिसऱ्यांदा मी ती कुणाला दिली नाही, स्वतः हातात घेतली. त्यात जे कळलं ते इथे लिहितो आहे, कारण याच फेऱ्यात अडकलेले अनेक जण मला भेटतात आणि प्रत्येक वेळी त्यांच्या गाडीचा रंग थोडा आणखी पातळ झालेला असतो.

जाळं परत येण्याची कारणं दोनच. एक तर ओरखडे निघालेच नव्हते, पॉलिशमधल्या तेलाने ते भरून टाकले होते. नाहीतर ते खरोखर निघाले होते, पण धुताना-पुसताना नवे पडले. दोन्ही एकाच गाडीत एकत्रही असतात, माझ्या गाडीत होतेच. उपाय मात्र वेगवेगळे आहेत, त्यामुळे नवी बाटली आणण्याआधी आपल्या गाडीला यातलं काय झालं आहे ते ओळखायला हवं.

एक ओरखडा ओळखीचा करून ठेवा

गाडी स्वच्छ धुऊन, सावलीत कोरडी करा. अंधार पडल्यावर एक चांगली एलईडी टॉर्च घ्या आणि बॉनेटवर हातभर अंतरावरून धरा. त्या बारीक जाळ्यात एखादी रेघ बाकीच्यांपेक्षा ठळक असेल, वाकडी असेल, तिला फाटा फुटलेला असेल. ती निवडा. शेजारी मास्किंग टेपचा तुकडा लावून जवळून फोटो काढा आणि कडेपासूनचं अंतर मोजून लिहून ठेवा. असे तीन ओरखडे पुरेत: एक बॉनेटवर, एक ड्रायव्हरच्या दारावर, एक डिकीवर. पुढे या फोटोंवर बरंच अवलंबून आहे.

टॉर्च हातात आहे तोवर ती हळूहळू सरकवून पाहा. जाळ्याचं वर्तुळ टॉर्चबरोबर सरकतं. म्हणजे ओरखडे गोल नाहीतच. रेघा सगळ्या दिशांना पसरलेल्या आहेत आणि त्यातल्या दिव्याच्या प्रतिबिंबाला आडव्या पडणाऱ्या तेवढ्या उजळतात, म्हणून डोळ्याला गोल भासतो. ‘मशीन गोल फिरलं म्हणून गोल ओरखडे पडले’ असं सगळे म्हणतात, पण असं जाळं बहुतेक वेळा फडक्याचं असतं. मशीनच्या खुणा वेगळ्या दिसतात, त्यांच्याकडे नंतर येतो.

काळ्याच रंगाला हे इतकं का दिसतं

हल्लीच्या गाड्यांवर पत्र्यापासून वर मोजलं तर गंज रोखणारा थर, प्रायमर, मग रंगाचा थर आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळं मिळून कारखान्यातून निघताना साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतं. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या एका केसाच्या जाडीपेक्षाही कमी. आपण जे काही घासणार ते एवढ्यातच.

काळ्या थरावर पडलेला प्रकाश जवळजवळ सगळा आत शोषला जातो. डोळ्याकडे येतो तो क्लिअर कोटच्या वरच्या पृष्ठभागावरून परतलेला भाग, आणि समोरून पाहिलं तर तो पडलेल्या प्रकाशाच्या जेमतेम ४ टक्के असतो. तो आरशासारखा एका दिशेने परतला की रंग शाईसारखा खोल दिसतो. ओरखड्याच्या कडांवर आपटून तो इकडेतिकडे विखुरला की त्या काळोखात प्रत्येक रेघ पेटून उठते. पांढऱ्या गाडीवरही तेवढेच ओरखडे असतात, पण खालच्या रंगातून एवढा प्रकाश परत येतो की ते त्यात बुडून जातात.

ओली काळी गाडी नवीकोरी दिसते, हा अनुभव सगळ्यांना असतो. पाणी ओरखड्यांत भरतं, पृष्ठभाग काही क्षण सपाट होतो आणि प्रकाश सरळ परततो. पाण्याच्या जागी तेल, मेण किंवा सिलिकॉन घाला, तेच दृश्य काही आठवडे टिकतं. शॅम्पूने ते धुऊन गेलं की जाळं जिथल्या तिथे.

भरलं आहे की काढलं आहे?

हे तपासायला आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळा, अल्कोहोलचं प्रमाण १५ ते २० टक्के ठेवा. शुद्ध अल्कोहोल थेट वापरू नका, मऊ क्लिअर कोट त्याने फुगतो. दुसऱ्यांदा पॉलिश होऊन गाडी आली त्याच संध्याकाळी मी बॉनेटच्या कोपऱ्यात वीतभर चौकोन टेपने आखला, आत हे मिश्रण फवारलं, अर्धा मिनिट थांबलो आणि मऊ मायक्रोफायबरने न रगडता टिपून घेतलं. मग टॉर्च लावली. टेपच्या बाहेर खोल काळा रंग होता आणि टेपच्या आत जाळं. मधली सीमा पट्टीने आखावी इतकी सरळ. मी खुणेला ठेवलेली फाटा फुटलेली रेघ त्या चौकोनात होती, अगदी फोटोत होती तशी.

एवढं दिसलं की शंका उरत नाही. ज्यांनी पॉलिश केलं त्यांनी वेळ वाचवला होता, आणि हातात गाडी घेताना मीही ती सावलीत, दिव्याखाली पाहून खूश झालो होतो. तुम्ही दुसऱ्याकडून काम करून घेत असाल तर गाडी ताब्यात घेण्याआधी हे पुसणं समोर करून दाखवायला सांगा आणि मग उन्हात पाहा. प्रामाणिकपणे काम करणारा माणूस स्वतःच ते करून दाखवतो.

पॉलिश सुरू करण्याआधी तीन चाचण्या

पहिली, क्लिअर कोट आहे की नाही. जुन्या गाड्यांवर किंवा नंतर रंगवलेल्या भागांवर कधीकधी एकच थर असतो. दाराच्या खालच्या भागात, सहज न दिसणाऱ्या जागी पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन घासा. फडकं काळं झालं तर क्लिअर कोट नाही, तुम्ही थेट रंग काढताय. अशा रंगावरची खडूसारखी पांढुरकी साय सहसा छान निघते, पण हात हलका लागतो आणि पॅड रंगाने लवकर माखतात.

दुसरी, क्लिअर कोट जिवंत आहे का. छत आणि बॉनेटवर पांढरा, नकाशासारखा डाग असेल, त्याला स्पष्ट कड असेल आणि त्या कडेवर नख पायरीसारखं अडखळत असेल, तर तिथला क्लिअर कोट सुटला आहे. पॉलिशने तो परत येत नाही, उलट मशीन कडेला लागलं तर आणखी सोलला जातो. तो भाग पुन्हा रंगवण्याशिवाय उपाय नाही. हे वाचताना वाईट वाटेल, पण अशा छतावर दोन दिवस घालवण्यापेक्षा ते आधी कळलेलं बरं.

तिसरी, जाडी. रंगाची जाडी मोजणारं यंत्र उसनं मिळालं तरी चालेल, पण मिळवाच. प्रत्येक पत्र्यावर चार-पाच जागी मोजा. सगळीकडे ११०-१२० येत असताना एका दारावर २५० आले तर ते दार कधीतरी रंगवलं गेलं आहे. कुठे एकदम हजाराच्या घरात आकडा गेला तर खाली पुट्टी आहे. आणि ८० च्या खाली आला तर तिथे आधीच कुणीतरी भरपूर घासलं आहे, फक्त शेवटचं बारीक पॉलिश वापरा. माझ्या गाडीच्या बॉनेटच्या मधल्या उठावदार रेषेवर ७४ आला होता, म्हणून ती रेषा मी शेवटपर्यंत टेपखाली ठेवली. साधं यंत्र प्लॅस्टिकवर मोजू शकत नाही, त्यामुळे बंपरच्या बाबतीत अंदाजाने नव्हे तर भीतीने वागा.

नखाची चाचणी सगळ्यांना माहीत असते. ओरखड्यावरून नख फिरवताना ते अडकलं तर ओरखडा खोल आहे, पॉलिशने पूर्ण जाणार नाही.

ओरखडा नसलेली पांढुरकी झाक

दुर्लक्षित गाडीवर निम्मा निस्तेजपणा चिकटलेल्या घाणीचा असतो. धुतलेल्या बॉनेटवर हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बोटं फिरवा. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून रवाळ लागतो. हे ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे तापलेले कण असतात, झाडाचा चीक असतो, डांबराचे ठिपके असतात. याच्यावर पॅड फिरवलं तर कण सुटून पॅडमध्ये अडकतात आणि तुम्ही त्यांनीच गाडी घासता.

क्रम असा ठेवा: धुणं, मग डांबर काढणारा द्रव, मग लोखंडाचे कण विरघळवणारा फवारा, शेवटी क्ले, म्हणजे उरलेली घाण ओढून काढणारा मातीसारखा मऊ गोळा. लोखंडाशी गाठ पडली की तो फवारा जांभळा होतो. काळ्या रंगावर ते जांभळं दिसत नाही आणि लोकांना वाटतं काहीच झालं नाही. खाली ओघळणाऱ्या थेंबांकडे पाहा, तिथे रंग दिसतो. त्याला कुजकट गंधकासारखा वास येतो, म्हणून उघड्यावर, हातमोजे घालून वापरा आणि पत्र्यावर वाळू देऊ नका. क्ले भरपूर ओलाव्यावरच फिरवायची, दर थोड्या वेळाने मळून नवी बाजू वर आणायची. हातातून जमिनीवर पडली तर तो तुकडा टाकून द्या, धुऊन वापरायचा विचारही नको. काळ्या रंगावर क्लेमुळे हमखास बारीक धुकं उठतं, त्यामुळे नंतर पॉलिश करणार नसाल तर क्ले लावूच नका.

पाण्याच्या डागांचं थोडं निराळं आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम थेंब वाळल्यावर मागे राहतं. डाग ताजे असतील तर पांढरा व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, सावलीत, ओलं फडकं डागावर मिनिटभर ठेवा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा. क्षार गेल्यावरही त्या जागी गोल दिसत असेल तर क्लिअर कोट कोरला गेला आहे, आता तो ओरखड्यासारखा समजून पॉलिशनेच काढायचा. पक्ष्यांच्या विष्ठेच्या खुणा बहुधा याहून खोल असतात. काळा पत्रा उन्हात इतर रंगांपेक्षा जास्त तापतो, क्लिअर कोट मऊ पडतो आणि आम्ल आत शिरतं. त्यातल्या काही खुणा फिकट होतील, पूर्ण जाणार नाहीत. तिथे हट्ट करू नका.

एक फूटभर जागा आधी जिंका

आता मशीन. ड्युअल अ‍ॅक्शन मशीनच घ्या. त्याचं पॅड फिरताना डगमगतं, त्यामुळे एकाच जागी उष्णता साचत नाही आणि नवख्या हातूनही सहसा रंग जळत नाही. फक्त गोल फिरणारं रोटरी मशीन वेगाने कापतं, पण काळ्या रंगावर त्याच्या खुणा न उठू देणं हे बऱ्याच वर्षांच्या सवयीचं काम आहे. नुसत्या हाताने हलकी झाक उतरते, पण जुनं जाळं उतरत नाही. हात दुखून येतो आणि जागोजागी कमी-जास्त दाब पडतो.

बॉनेटवर एक फूट बाय एक फूट चौकोन आखा आणि उरलेल्या गाडीला हात लावण्याआधी तिथेच सगळं ठरवा. सुरुवात सगळ्यात सौम्य जोडीने: मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिश. अल्कोहोलच्या पाण्याने पुसून टॉर्चने पाहा. ओळखीची रेघ तशीच असेल तर मधलं, म्हणजे थोडं कडक पॅड घ्या, मग त्याच पॅडवर कंपाउंड (पॉलिशपेक्षा जाड कणांची, जास्त कापणारी पेस्ट), आणि तरीही भागलं नाही तर मायक्रोफायबरचं कापणारं पॅड. जिथे ८० टक्के जाळं गेलेलं दिसेल तिथे थांबा. उरलेल्या २० टक्क्यांसाठी दुप्पट क्लिअर कोट जातो. कंपाउंडच्या एका पूर्ण फेरीत साधारण दोन ते चार मायक्रॉन उतरतात. आकडा लहान वाटतो, पण उन्हापासून रंगाला वाचवणारा थर हाच आहे, आणि तो पातळ झालेल्या गाड्यांचंच छत पुढे सोलतं.

पॅडवर वाटाण्याएवढे चार ठिपके घ्या, मशीन बंद असतानाच पत्र्यावर पसरवा, मग सुरू करा. एका वेळी ४५ सेंटिमीटरचा चौकोन, याहून मोठा नाही. आधी आडवे पट्टे, मग उभे, प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढवलेला. हात इतका हळू की सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर सरकेल. सगळ्यांची चूक इथेच होते. मशीन वेगाने फिरतं म्हणून हातही वेगाने जातो आणि चार फेऱ्यांनंतरही जाळं हललेलं नसतं. पॅडमागच्या चकतीच्या कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवा. चालू मशीनमध्ये ती रेघ फिरताना दिसत राहिली तर दाब बरोबर आहे. ती जागच्या जागी थरथरत असेल तर पॅड फिरायचं थांबलंय, तुम्ही जास्त दाबताय किंवा पॅड वाकडं धरलंय.

प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने साफ करा. हे मी आधी दर तीन-चार चौकोनांनी करत होतो आणि डाव्या दारावर काम जमतंच नव्हतं. कंपाउंड तेच, मशीन तेच. शेवटी पॅडवर बोट दाबून पाहिलं तर मधे वाळलेल्या कंपाउंडची कडक पापडी बसली होती. नवं पॅड लावल्यावर दुसऱ्याच फेरीत दारावरचं जाळं गेलं आणि काळा रंग खोल दिसू लागला. पूर्ण गाडीला एका प्रकारची किमान पाच-सहा पॅड लागतात, हे आधीच धरून चाला.

पत्र्यावर हात ठेवून पाहत राहा. चटका जाणवला की थांबा. कडा, दाराच्या घड्या, हँडलभोवतीची वळणं यांवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो आणि दाब तिथेच एकवटतो. म्हणून तिथे टेप. प्लॅस्टिकचा बंपर उष्णता पसरू देत नाही, पत्र्यापेक्षा लवकर तापतो. रबर आणि खडबडीत काळ्या प्लॅस्टिकवरही टेप लावा, त्यावर वाळलेलं पॉलिश पांढरं होऊन बसतं आणि काढता काढता नाकी नऊ येतात.

जाळं गेलं, पण आता धुकं दिसतंय

काळ्या गाडीत कंपाउंडनंतर हे होणारच, आणि घाबरून लोक इथेच वॅक्स चढवून मोकळे होतात. मग ते वॅक्स उतरलं की ‘पुन्हा झालं’ म्हणतात. धुक्याचे तीन प्रकार आहेत आणि टॉर्चखाली ते वेगळे ओळखू येतात.

सगळीकडे सारखी, दुधट झाक असेल, रेघ अशी एकही दिसत नसेल, तर ती कंपाउंडच्या कणांची आणि कडक पॅडची खूण आहे. मऊ फोम, बारीक पॉलिश, कमी दाब, आणि शेवटच्या दोन फेऱ्या जवळजवळ मशीनच्या स्वतःच्या वजनावर. ती जाते. नाही गेली तर पॅड आणखी मऊ घ्या, पॉलिश बदलण्याची घाई करू नका.

उन्हात गाडीभोवती चालताना पत्र्याच्या आत पट्टे सरकल्यासारखे दिसले, तर त्या रोटरीच्या खुणा आहेत. पहिल्यांदा पॉलिश करून आणलेल्या माझ्या गाडीच्या दोन्ही दारांवर त्या होत्या, आणि मी त्यांना कित्येक दिवस रंगाची ‘खोली’ समजत होतो. ड्युअल अ‍ॅक्शन मशीनवर मधल्या पॅडने त्या निघतात.

तिसरा प्रकार सगळ्यात चकवणारा. पॉलिश पुसून काढलं की बारीक, सरळ, एकाच दिशेच्या रेघा दिसतात आणि तुम्ही पुन्हा पॉलिश करता, पुन्हा पुसता, पुन्हा रेघा. या तुमच्याच फडक्याच्या आहेत. काही गाड्यांचा क्लिअर कोट इतका मऊ असतो की वाळलेलं पॉलिश जोरात पुसलं तरी खूण उठते. पॉलिश पूर्ण वाळू देऊ नका, फडक्यावर थोडं अल्कोहोलचं पाणी फवारा आणि फडक्याच्या वजनानेच ओढा. खात्री करायची असेल तर पॉलिश केलेल्या जागी पुसताना मुद्दाम एकदा आडवं, एकदा उभं पुसून पाहा. रेघांची दिशा बदलली तर उत्तर मिळालं.

नंतरचं संरक्षण हा सोपा भाग आहे. कार्नोबा वॅक्स काही आठवडे टिकतं, सिंथेटिक सीलंट काही महिने, सिरॅमिक कोटिंग नीट बसवलं आणि सांभाळलं तर काही वर्षं. काहीही लावा, पण अल्कोहोलने पुसून खरा पृष्ठभाग पाहिल्यानंतरच. सिरॅमिकखाली राहिलेलं जाळं सिरॅमिक असेपर्यंत तिथेच राहतं, आणि सिरॅमिक लावलं म्हणून फडक्याचे ओरखडे पडायचे थांबत नाहीत.

जाळं परत आणणारा हात

सकाळी गाडीवर धूळ बसलेली असते आणि कुणीतरी प्रेमाने कोरडं फडकं मारतं. दुर्लक्षित गाड्यांवरच्या जाळ्याचा मोठा वाटा यातून आलेला असतो. धुळीत वाळूचे कण असतात, ते क्वार्ट्झचे, क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. फडक्याखाली ते पत्र्यावर ओढले जातात. लांब दांड्याचा झुपकेदार झाडू मऊ वाटतो, पण कण तोही ओढतोच. धूळ बसलेल्या गाडीवर घातलेलं कव्हर वाऱ्याने हलतं आणि दिवसभर तेच करतं. माझ्या गाडीच्या मडगार्डवर, कव्हरची शिवण टेकायची बरोबर तिथे, तळहाताएवढा राखाडी पट्टा होता.

म्हणून धूळ पाहवत नसली तरी कोरडी पुसू नका. धुवायची तेव्हा आधी नुसत्या पाण्याने वरून खाली, मग फेस मारून पाच मिनिटं थांबा, पुन्हा पाणी. एवढ्यात सुटी घाण हात न लावता उतरते. त्यानंतर दोन बादल्या: एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवा, एक भाग वरून खाली सरळ ओढून धुवा, मोजा साध्या पाण्यात पिळा, मग पुन्हा शॅम्पूत. छत आधी, दारांचा खालचा भाग आणि बंपर शेवटी. चाकांना वेगळं फडकं, ते रंगाला कधीच लागता कामा नये. भांडी घासायचा द्रव वापरला तर वॅक्स लवकर जातं, कपड्यांची पावडर तर नकोच. फिरत्या ब्रशच्या यंत्रातून काळी गाडी नेऊ नका, त्या ब्रशमध्ये आधीच्या गाड्यांची माती अडकलेली असते.

वाळवताना जाड, लांब तंतूंचा टॉवेल पत्र्यावर पसरून ठेवा आणि उचला, घासू नका. टॉवेल खाली पडला तर तो त्या दिवसापुरता बाद. मायक्रोफायबर सुती कपड्यांबरोबर धुऊ नका आणि सॉफ्टनर टाकू नका, तंतू लेपले जातात आणि पाणी शोषायचं थांबतं. गाडी दुसरं कुणी धुत असेल तर त्यांना हे सगळं सांगत बसण्यापेक्षा स्वतःचा मोजा आणि टॉवेल द्या आणि एकदा शेजारी उभं राहून पद्धत दाखवा.

चौथ्या धुण्यानंतर

चौथ्या धुण्यानंतर गाडी कोरडी करून, अंधारात, तीच टॉर्च आणि ते तीन फोटो घेऊन बसा. अंतर मोजून ओळखीच्या रेघेची जागा शोधा.

तीच रेघ, तोच फाटा पुन्हा दिसला, तर ती भरली गेली होती. तुमच्या शेवटच्या टप्प्यातल्या पॉलिशमध्ये भरणारं तेल आहे किंवा पुसणं अर्धवट झालं. अल्कोहोलने पुसून त्याच चौकोनावर एक पायरी कडक पॅडने पुन्हा काम करा, बाकी गाडीला लगेच हात लावू नका.

जुनी रेघ गेलेली आहे पण शेजारी नव्या, बारीक, बहुतेक सरळ रेघा आहेत, तर पॉलिश नीट झालं होतं. चूक धुण्यात आहे. त्या कुठे आहेत ते पाहा. दारांच्या खालच्या अर्ध्यात असतील तर मोज्यात माती राहतेय. बॉनेट आणि छतावर असतील तर टॉवेल घासला जातोय किंवा कुणीतरी धूळ कोरडी पुसतंय. हँडलच्या मागच्या खळग्यात असतील तर नखांनी आणि अंगठ्यांनी पडल्या आहेत, तिथे थोडं वॅक्स जास्त लावत राहा. या नव्या रेघांसाठी कंपाउंड काढू नका. आधी धुण्याची पद्धत सुधारा, दोन महिने जाऊ द्या, मग फक्त बारीक पॉलिशचा एक हात द्या.

माझ्या गाडीच्या डिकीवरची तिसरी ओळखीची रेघ नखाला लागते. दोन फेऱ्यांनंतर ती निम्मी उरली, आणि त्या जागी जाडी ९१ आहे. मी ती तशीच ठेवली आहे.